पाठीवरची पिशवी आणि मेंदूची घडण : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात स्पायना बायफिडासह, म्हणजे पाठीचा कणा व मेरुरज्जू गर्भातच नीट न मिटण्याच्या दोषासह, जन्मलेल्या मुलांच्या पाठीवरील शस्त्रक्रियेविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली आहे : दोष पाठीत असताना डॉक्टर मुलाच्या डोक्याची एवढी चिंता का करतात? म्हणून या वेळी मेंदूविषयीचेच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या मुलाच्या कमरेवर जन्मतःच पाण्याची पिशवी होती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून ती बंद केली. त्यानंतर त्याचे डोके भराभर वाढू लागले. सहाव्या आठवड्यात काढलेल्या एमआरआयच्या अहवालात ‘कियारी टाइप टू’, ‘कॉर्पस कॅलोसम अपूर्ण’ आणि ‘व्हेंट्रिकल्स मोठी’ असे लिहून आले आहे. घरातील मोठी माणसे म्हणतात, पाठीचे भोक बुजवल्यामुळे पाणी डोक्यात चढले. हे खरे आहे का?
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : शस्त्रक्रियेने आपल्या मुलाच्या मेंदूला इजा झालेली नाही, हे मी सर्वप्रथम आणि निःसंदिग्धपणे सांगते. अहवालातील ज्या तीन गोष्टी आपण उतरवून पाठवल्या आहेत, त्यांतील पहिल्या दोन गोष्टींची सुरुवात तो आईच्या पोटात असतानाच झालेली आहे आणि तिसरीची तयारीही तेव्हाच झाली होती.

गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे नीटसे ठाऊकही नसते अशा वेळी, गर्भाच्या पाठीकडील पेशींचा एक सपाट पट्टा दोन्ही कडांनी वर उचलला जातो आणि त्या कडा एकमेकींना मिळून त्याची नळी (मज्जानलिका) होते. या नळीच्या वरच्या टोकापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून मेरुरज्जू तयार होतो. साधारण २८ व्या दिवसापर्यंत ही नळी पूर्ण मिटायला हवी. ती खालच्या बाजूला उघडी राहिली तर पाठीवर उघडा मेरुरज्जू किंवा त्याची पिशवी दिसते. पाठ आणि डोके आपल्याला दोन वेगळी ठिकाणे वाटतात, पण गर्भाच्या दृष्टीने ती एकाच नळीची दोन टोके आहेत. खालच्या टोकाच्या बिघाडाचा परिणाम वर कसा पोहोचतो, याचा मला सर्वांत पटणारा खुलासा शिकागोचे संशोधक मॅक्लोन आणि नेपर यांनी १९८९ मध्ये मांडला. मेंदूच्या आतील पोकळ्यांमध्ये (अहवालातील ‘व्हेंट्रिकल्स’) पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो, आणि वाढत्या गर्भात हा द्रव त्या पोकळ्यांना आतून फुगवत ठेवतो. त्या फुगण्यामुळेच मेंदूला आणि त्याभोवतीच्या कवटीला आकार येतो. पाठीवरील उघड्या भागातून हा द्रव झिरपत राहिला, तर छिद्र पडलेली पुरी जशी फुगत नाही, तसेच काहीसे घडते. कवटीची मागची, खालची खोली लहानच राहते. तिच्यात वाढणाऱ्या अनुमस्तिष्काला (मागच्या लहान मेंदूला) आणि मस्तिष्कपुच्छाला (मेंदूच्या मेरुरज्जूला जोडलेल्या सर्वांत खालच्या भागाला) जागा अपुरी पडते, आणि त्यांचा काही भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली मानेत उतरतो.

यालाच अहवालात ‘कियारी टाइप टू’ म्हटले आहे. प्रागमध्ये काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये अशा रचनांचे प्रकार पाडून वर्णन केले. जर्मनीच्या युलियस आर्नोल्ड यांनी १८९४ मध्ये अशाच एका बाळाचे वर्णन केल्यामुळे काही अहवालांत ‘आर्नोल्ड-कियारी’ असेही नाव आढळते. पाठीवर उघड्या मेरुरज्जूची पिशवी घेऊन जन्मलेल्या जवळपास प्रत्येक बाळात ही रचना कमी-अधिक प्रमाणात असतेच. त्यामुळे हा शब्द वाचून आपल्या मुलाला दुसरा एखादा नवा आजार झाला आहे, असे समजू नये.

आता घरातील मोठ्या माणसांच्या म्हणण्याविषयी. त्यांचा निष्कर्ष चुकला असला तरी त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. मानेत उतरलेल्या मेंदूमुळे द्रवाच्या वाटा आधीच अडलेल्या असतात, पण पाठीची पिशवी उघडी किंवा पातळ असेपर्यंत थोडा द्रव तिकडून बाहेर पडतो किंवा तिच्यात साठतो. पिशवी बंद केल्यावर ही पळवाट मिटते आणि पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोक्याचा घेर वाढू लागतो. तरीही पाठ उघडी ठेवणे शक्य नसते, कारण उघड्या पाठीतून जंतू आत शिरले तर मेंदूच्या आवरणांचा दाह होतो, आणि तो दाह मुलाच्या बुद्धीचे जे नुकसान करतो ते बहुधा भरून येत नाही. आपण दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेला संमती दिलीत, हा निर्णय योग्य होता.

कॉर्पस कॅलोसम म्हणजे मोठ्या मेंदूच्या उजव्या आणि डाव्या अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पूल. या मुलांमध्ये त्याचा मागचा भाग किंवा अगदी पुढचे टोक पुष्कळदा तयारच झालेले नसते. कधी तो पूर्ण तयार होतो, पण साचलेल्या द्रवाच्या ताणाने पातळ होतो. काही मुलांत चेतापेशी त्यांच्या ठरलेल्या जागी न पोहोचता वाटेतच थांबलेल्या दिसतात. हे सर्व चित्रात पाहून कोणाही आईवडिलांच्या पोटात गोळा उठेल, हे मी जाणते. मात्र चित्रावरून मूल कसे बोलेल, कसे शिकेल याचे भाकीत फारच ढोबळपणे करता येते. अहवाल कोऱ्या मनाने वाचला तर ज्याच्याविषयी धास्ती वाटावी, असे मूल समोर बसून गोष्ट सांगताना मी अनेकदा पाहिले आहे.

आपल्यासाठी सध्या महत्त्वाचे आहे ते पुढील निरीक्षण. मस्तिष्कपुच्छावर दाब आला तर श्वास आणि गिळणे यांवर परिणाम होतो. बाळ श्वास घेताना घशातून घरघर किंवा शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल, रडण्याचा आवाज अचानक बारीक झाला असेल, दूध पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर ‘सर्दी असेल’ म्हणून एक रात्रही थांबू नये. अशा वेळी न्यूरोसर्जन बहुधा सर्वप्रथम डोक्यातील द्रवाचा दाब वाढला आहे का, हेच तपासतात, कारण दाब कमी केल्यावर ही लक्षणे बरेचदा ओसरतात.

प्रश्न : माझ्या नातवाला पाचव्या महिन्यात डोक्यातून पोटात नळी बसवली आहे. ती किती वर्षांनी काढतात? आणि ती बंद पडली हे आम्हाला घरी कसे समजावे? मुलगा-सून दोघेही नोकरीला जातात, दिवसभर तो माझ्याजवळ असतो.
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, ज्या व्यक्तीजवळ मूल दिवसभर असते तिनेच हा प्रश्न विचारावा, याचा मला फार आनंद झाला. या नळीला शंट म्हणतात. मेंदूच्या पोकळीत साचणारा जादा द्रव कातडीखालून पोटाच्या पोकळीत नेऊन सोडणे, एवढेच तिचे काम. पोटात तो द्रव शरीरात शोषला जातो. नळीवर एक झडप असते आणि ती द्रवाला एकाच दिशेने, ठरावीक दाबानंतरच वाहू देते. चांगली झडप तयार करण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत फिलाडेल्फियाचे जॉन होल्टर हे यंत्रकारागीर होते, डॉक्टर नव्हते. त्यांचा मुलगा स्पायना बायफिडासह जन्मला होता, त्याच्या डोक्यात पाणी साचू लागले होते, आणि १९५६ च्या सुमारास न्यूरोसर्जन युजीन स्पिट्झ यांच्याबरोबर काम करून त्यांनी सिलिकोनची झडप घडवली. आज आपल्याकडे पुष्कळ रुग्णालयांत शाहजहानपूर येथे तयार होणारा छाब्रा शंट वापरतात. तो परदेशी शंटपेक्षा खूपच स्वस्त असल्यामुळे काही पालकांना तो कमी प्रतीचा वाटतो. परंतु युगांडात या शंटची एका महागड्या शंटशी तुलना केली, तेव्हा वर्षभरानंतरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

नळी ठरावीक वर्षांनी काढतात, ही समजूत सोडून द्यावी. बहुतेक मुलांना तिची गरज आयुष्यभर असते, आणि मूल वाढत असताना ती बदलण्याची वेळ एकदा किंवा अनेकदा येऊ शकते. ती बंद पडण्याचा किंवा तिला जंतुसंसर्ग होण्याचा धोका पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक असतो. आपला नातू तान्हा आहे तोवर त्याची टाळू आपल्याला सर्व काही सांगेल : तो शांत, बसलेल्या स्थितीत असताना टाळू फुगलेली व ताठ लागणे, डोक्यावरच्या शिरा ठळक होणे, डोळ्यांची बुबुळे मावळत्या सूर्यासारखी खाली उतरून वर पांढरा भाग दिसणे, दूध टाकणे आणि नेहमीपेक्षा जास्त झोपणे. टाळू भरून आल्यानंतर मात्र ही खूण उरत नाही. मग सकाळची डोकेदुखी, उलट्या, गुंगी, नव्याने आलेला तिरळेपणा यांवर लक्ष ठेवावे लागते. नळीच्या मार्गावर लाली, सूज आणि ताप असेल तर तेही तातडीचे समजावे. उलट्या झाल्या की घरी प्रथम ‘पोट बिघडले’ असेच म्हटले जाते. शंट असलेल्या मुलाच्या बाबतीत हा विचार दुसरा असावा. आणखी एक साधी गोष्ट सांगते, जी पुष्कळदा सांगायची राहून जाते. या मुलांना बद्धकोष्ठता फार असते, आणि पोट कडक झाल्यामुळे पोटातला दाब वाढून नळीतून द्रव उतरणे मंदावू शकते. त्याचे पोट रोज साफ ठेवणे ही त्याच्या मेंदूचीही काळजी आहे.

प्रत्येक मुलाला शंट लागतोच असे नाही. दुर्बिणीने मेंदूच्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला नवी वाट करून देणे आणि त्याच वेळी द्रव तयार करणारे ऊतक काही प्रमाणात जाळणे, ही पद्धत न्यूरोसर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातील म्बाले येथे तान्ह्या मुलांसाठी विकसित केली. बिघडलेला शंट दुरुस्त करायला जिथे वेळेवर पोहोचता येत नाही, अशा खेड्यांतील मुलांचा विचार त्यामागे होता, आणि स्पायना बायफिडाच्या बऱ्याच मुलांना तिचा उपयोग झाला. आपल्या नातवाला शंट बसलेला असल्याने या पद्धतीचा विचार करायचा की नाही, हे त्याचे न्यूरोसर्जन चित्रे पाहूनच सांगू शकतील.

प्रश्न : मला विसावा आठवडा सुरू आहे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी बाळाचे डोके लिंबासारखे दिसते असे सांगितले आणि मग बराच वेळ पाठ तपासली. डोक्यावरून पाठीचा दोष कसा समजतो? आणि पोटात असतानाच शस्त्रक्रिया केली तर मेंदू वाचतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी योग्य क्रमाने तपासणी केली आहे. पाठीवरील लहान दोष सोनोग्राफीत सहज निसटू शकतो, पण त्याचे डोक्यावरील परिणाम ओळखणे त्यामानाने सोपे असते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील निकोलायडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दोन खुणा वर्णन केल्या : कपाळाची हाडे दोन्ही बाजूंनी आत दबल्याने डोक्याला येणारा लिंबाचा आकार, आणि खाली ओढले गेल्यामुळे मेंदूच्या देठाभोवती केळ्यासारखे वाकलेले अनुमस्तिष्क. लिंबाची खूण क्वचित निरोगी गर्भातही दिसते, म्हणून एकट्या त्या खुणेवरून निदान करत नाहीत. केळ्याची खूण अधिक भरवशाची असते. आपल्या अहवालात अनुमस्तिष्काविषयी काय लिहिले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

गर्भावस्थेतील शस्त्रक्रियेचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील तीन केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आला. त्यात २६ आठवडे पूर्ण होण्याआधी गर्भाशय उघडून बाळाची पाठ बंद करण्यात आली. एक वर्षाच्या वयापर्यंत या बाळांपैकी ४० टक्के बाळांना शंट बसवावा लागला, तर जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते. मेंदूचा भाग मानेत अजिबात न उतरलेली मुले पहिल्या गटात ३६ टक्के आणि दुसऱ्या गटात केवळ ४ टक्के होती. पाठीतून होणारी गळती थांबवली की खाली उतरलेला मेंदू पुन्हा वर सरकू शकतो, हे यातून दिसून आले. तरीही आपण दुसरी बाजूही तितक्याच नीट समजून घ्यावी. या मातांची प्रसूती सरासरी ३४ आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे वेळेआधी झाली, आणि गर्भाशयावरील व्रणामुळे पुढील बाळंतपणातही धोका राहतो. हीच मुले शाळेत जाऊ लागल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा गर्भावस्थेत शस्त्रक्रिया झालेल्यांचे चालणे अधिक चांगले होते, पण दैनंदिन व्यवहारकौशल्यांच्या एकूण मोजमापात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मेंदूच्या घडणीतील जे बदल शस्त्रक्रियेच्या आधीच होऊन गेलेले असतात, ते पुसले जात नाहीत.

भारतात ही शस्त्रक्रिया मोजक्याच ठिकाणी होते आणि त्यासाठी वेळ थोडा असतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा दोषासाठी २४ आठवड्यांपर्यंत, आणि गर्भातील दोष गंभीर असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यानंतरही निर्णय घेता येतो. गर्भ ठेवायचा की नाही, हे मी सांगणार नाही आणि नातेवाइकांनीही सांगू नये. निर्णयापूर्वी बालशल्यचिकित्सक, न्यूरोसर्जन आणि शक्य असल्यास स्पायना बायफिडासह वाढणाऱ्या एखाद्या मुलाचे आईवडील, अशा तिघांना मात्र आपण दोघांनी भेटावे.

प्रश्न : पाठदुखीसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये माझ्या बहिणीला ‘स्पायना बायफिडा ऑकल्टा’ निघाले. तिच्याही मेंदूत दोष असेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. कमरेच्या खालच्या एखाद्या मणक्याची मागची कमान जुळलेली नसणे ही निरोगी माणसांतही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. तिथे द्रवाची गळती कधी झालेलीच नसते, म्हणून कियारी टाइप टू किंवा डोक्यात पाणी यांचा प्रश्न येत नाही. कमरेवर केसांचा पुंजका, खोल खळगा किंवा मऊ गाठ असेल, अथवा लघवीची तक्रार असेल, तर मात्र कमरेचा एमआरआय करून घ्यावा.

प्रश्न : पहिले मूल स्पायना बायफिडाचे आहे. दुसऱ्या वेळी मेंदू आणि पाठ दोन्ही नीट घडावे म्हणून काय करावे?
– एक दांपत्य, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : फॉलिक आम्लाची (एका ‘ब’ जीवनसत्त्वाची) गोळी दिवस राहण्याआधी सुरू करावी, या उत्तरातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. नळी चौथ्या आठवड्यात मिटते, त्यामुळे पाळी चुकल्यावर, तपासणी होऊन, मग सुरू केलेली फॉलिक आम्लाची गोळी या दोषापुरती बहुधा उशिरा पोहोचते. ज्यांच्या घरी आधी असे मूल झाले आहे अशा स्त्रियांवर झालेला, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्याने दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. इतर स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. आपल्याला मोठी मात्रा लागेल आणि ती डॉक्टरांनी लिहून द्यावी. पालेभाज्या जरूर खाव्यात, पण एवढी मात्रा जेवणातून मिळत नाही. पत्नीला फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट सुरू असेल तर गर्भधारणेपूर्वीच न्यूरॉलॉजिस्टना भेटावे, कारण त्या औषधाने हा धोका वाढतो. औषध मनाने बंद मात्र करू नये.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. माझ्या वर्गात स्पायना बायफिडा असलेली, शंट बसवलेली एक मुलगी आहे. ती इतके सुंदर बोलते की पाहुणे थक्क होतात. पाढे तोंडपाठ आहेत, वाचन अस्खलित आहे. पण हातच्याची वजाबाकी जमत नाही, घड्याळ कळत नाही, वाचलेल्या धड्यावर ‘असे का झाले असेल’ हे विचारले की गप्प होते. ती आळस करते, असे तिच्या आईचे म्हणणे आहे. मी तिला कसे शिकवावे?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की ते पाठ्यपुस्तकात छापावे. ही मुलगी आळस करत नाही. तिच्या मेंदूची घडण ज्या पद्धतीने झाली आहे, ती पद्धत आपण तिच्या वहीत पाहत आहात.

टोरंटोच्या मानसशास्त्रज्ञ मॉरीन डेनिस यांनी अशा मुलांच्या शिकण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातून निघालेला विचार थोडक्यात असा आहे. शिकण्याची काही कामे सरावाने, एकाला एक जोडून, पाठ होतात : पाढे, शब्दांचे उच्चार, कवितेच्या ओळी, बोलण्यातील वाक्प्रचार. दुसऱ्या प्रकारच्या कामांत समोर असलेल्या तुकड्यांपासून त्या क्षणी काहीतरी नवे जुळवावे लागते : हातचा घेताना दशकाच्या घरातून एककाच्या घरात काय आले हे डोळ्यांसमोर धरणे, दोन काट्यांवरून एक वेळ ठरवणे, धड्यात न लिहिलेले कारण ओळखणे. पहिल्या प्रकारात ही मुले अनेकदा सरस असतात आणि दुसऱ्या प्रकारात अडखळतात. मोठ्या मेंदूचा मागचा भाग, जो जागेचे आणि आकाराचे भान ठेवतो, तो साचलेल्या द्रवाने ताणला जातो; दोन अर्धगोलांना जोडणारा पूल अपुरा असतो; नजर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चटकन वळवणाऱ्या मध्यमेंदूचा आकारही बदललेला असतो; आणि अनुमस्तिष्काच्या घडणीमुळे हाताची हालचाल व तिची वेळ साधणे कठीण जाते, ज्याचा परिणाम अक्षरावर होतो. अशा बहुतेक मुलांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण कक्षेत किंवा तिच्याजवळ असते. पण ती सर्व बाजूंनी सारखी नसते, आणि अस्खलित बोलण्यामुळे आपली अपेक्षा आधीच उंचावलेली असल्याने तिचे अडखळणे आपल्याला हट्ट वाटू लागते.

तिचे बलस्थान शब्द आहेत, म्हणून गणितही शब्दांतून शिकवावे. वजाबाकीच्या पायऱ्या तिला कवितेसारख्या पाठ करू द्या आणि प्रत्येक उदाहरण सोडवताना त्या मोठ्याने म्हणू द्या. चौकटीच्या वहीत एका चौकोनात एकच अंक लिहिण्याची सवय लावा, एका पानावर तीन-चारच उदाहरणे द्या, आणि फळ्यावरून उतरवून घेण्याचे काम शक्य तितके कमी करा, कारण फळा आणि वही यांच्यामध्ये नजर हलवण्यातच तिचे लक्ष खर्ची पडते. एका वेळी एकच सूचना द्यावी. कामाला सुरुवात करणे आणि त्याचा क्रम लावणे हेही तिला जड जात असेल, तेव्हा बाकावर कामाची छोटी यादी चिकटवून ठेवता येईल. धड्यावर प्रश्न विचारताना ‘का’ पासून सुरुवात न करता आधी काय झाले, मग काय झाले, असे तिला बोलते करून तिलाच कारणापर्यंत नेता येईल. तिच्या आईला हे सर्व आपण समजावून सांगाल तर ते माझ्या सांगण्यापेक्षा अधिक पोहोचेल.

परीक्षेतील सवलत ही कृपा नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या १७ व्या कलमात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ज्यादा वेळ, लेखनिक आणि अभ्यासक्रमातील योग्य ते बदल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक तपासणीला येत असेल, तर त्यांच्याकडून तिला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवून मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यावी. या कार्यक्रमाच्या यादीत मज्जानलिकेचे जन्मजात दोष समाविष्ट आहेत.

एका गोष्टीत मात्र आपण डॉक्टरांच्याही आधी सावध व्हावे. वर सांगितलेल्या अडचणी पहिल्यापासून असतात आणि हळूहळू का होईना, शिकवल्याने कमी होतात. जे काल येत होते ते आज येईनासे झाले, अक्षर काही आठवड्यांत बिघडले, मुलगी वर्गात पेंगू लागली किंवा चिडचिडी झाली, तर तो शंट मंदावल्याचा परिणाम असू शकतो, आणि मोठ्या मुलांत कधी कधी डोकेदुखी व उलट्यांच्या आधी हेच दिसते. पाय पूर्वीपेक्षा अडखळू लागले किंवा पाठ दुखू लागली, तर मेरुरज्जू खाली ओढला जात असल्याचाही संशय घ्यावा लागतो. अशा वेळी आईवडिलांना त्याच दिवशी निरोप द्यावा. आपण तिच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या असतील, तर त्या रुग्णालयात जाताना त्यांच्याबरोबर अवश्य पाठवाव्यात. अक्षर नेमके कोणत्या महिन्यापासून बदलले, हे त्या पानांवर तारखेसह दिसते आणि आमच्या तपासणीच्या खोलीत ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.